जुन्या धाटणीच्या रिव्हॉल्व्हरचे होल्स्टर आणि शूटिंग रेंजवरील सुरक्षा

जुन्या धाटणीच्या रिव्हॉल्व्हरचे होल्स्टर म्हणजे एकोणिसाव्या शतकातील रचनेचे रिव्हॉल्व्हर कमरेला, छातीशी किंवा खोगिराला बाळगण्यासाठी वापरले जाणारे, बहुधा चामड्याचे आवरण होय. अस्सल जुनी शस्त्रे आणि त्यांच्या नमुन्यावर आज तयार होणाऱ्या प्रतिकृती या दोहोंसाठी अशी होल्स्टर वापरली जातात. या शस्त्रांच्या रचनेत, आघात झाल्यास गोळी सुटू नये यासाठी आधुनिक रिव्हॉल्व्हरमध्ये असणारा अंतर्गत अडसर बहुधा नसतो. त्यामुळे भरलेले शस्त्र होल्स्टरमध्ये असताना त्यावर मार बसला किंवा ते खाली पडले, तर चाप न ओढताही गोळी सुटू शकते. शूटिंग रेंजवरील (नेमबाजी केंद्रावरील) होल्स्टरविषयक नियम प्रामुख्याने ही उणीव भरून काढण्यासाठी तयार झाले आहेत.

भारतातील मान्यताप्राप्त नेमबाजी स्पर्धांमध्ये होल्स्टरमधून शस्त्र उपसण्याचा समावेश नाही. मात्र ज्या तत्त्वावर हे नियम उभे आहेत, तेच तत्त्व रत्नागिरी जिल्ह्यासह कोकणात शेतीसंरक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या ठासणीच्या बंदुकांनाही लागू पडते.

## संज्ञा

या लेखात पुढील संज्ञा वापरल्या आहेत.

- घोडा: रिव्हॉल्व्हरच्या मागील बाजूचा, अंगठ्याने मागे ओढता येणारा भाग. तो सुटल्यावर पुढे आपटून काडतूस किंवा टोपी पेटवतो.
- चाप: बोटाने ओढायचा भाग. चाप ओढल्यावर चढवलेला घोडा सुटतो.
- चक्री: काडतुसे किंवा दारू-गोळी ठेवण्याची घरे असलेला फिरता दंडगोल. बहुतेक चक्रींना सहा घरे असतात, म्हणून अशा शस्त्राला सहाबारी असेही म्हणतात.
- टोपी: आघाताने पेटणारे स्फोटक द्रव्य भरलेली तांब्याची छोटी वाटी. तिला केप असेही म्हणतात.
- निपल: ज्यावर टोपी बसवतात ती पोकळ नळी. तिच्यातून ठिणगी दारूपर्यंत पोहोचते.
- सिंगल ॲक्शन: प्रत्येक बारापूर्वी घोडा हाताने चढवावा लागणारी रचना.

## ऐतिहासिक पार्श्वभूमी

आघाताने पेटणाऱ्या स्फोटक द्रव्याचा बंदुकीत उपयोग करण्याची पद्धत स्कॉटलंडमधील धर्मोपदेशक अलेक्झांडर फोर्सिथ यांनी विकसित केली व १८०७ मध्ये तिचे पेटंट घेतले. पुढील दोन दशकांत तांब्याची टोपी प्रचारात आली आणि चकमकीच्या बंदुका मागे पडू लागल्या. अमेरिकेतील सॅम्युअल कोल्ट यांना १८३६ मध्ये फिरत्या चक्रीच्या शस्त्राचे अमेरिकी पेटंट मिळाले. कोल्ट कंपनीची १८५१ ची 'नेव्ही' आणि १८६० ची 'आर्मी' ही टोपीवर चालणारी रिव्हॉल्व्हर विशेष गाजली. धातूच्या काडतुसावर चालणारे कोल्टचे 'सिंगल ॲक्शन आर्मी' हे रिव्हॉल्व्हर १८७३ मध्ये अमेरिकी सैन्याने स्वीकारले. आज प्रतिकृतींच्या रूपाने सर्वाधिक दिसणारी रिव्हॉल्व्हर याच काळातील नमुन्यांवर आधारलेली आहेत. अशा प्रतिकृतींचे उत्पादन मुख्यतः इटलीतील ब्रेशिया परिसरात होते. तेथील उबेर्टी या कंपनीची स्थापना १९५९ मध्ये झाली.

रिव्हॉल्व्हरच्या आधी घोडेस्वार आपली एकबारी पिस्तुले खोगिराच्या पुढील भागाला अडकवलेल्या चामडी पिशव्यांत ठेवत. पिस्तूल हलके व अनेकबारी झाल्यावर ते खोगिरावरून स्वाराच्या कमरेवर आले. लष्करी होल्स्टरला वरून झाकणारी चामडी झडप असे. तिच्यामुळे पाऊस व धूळ यांपासून बचाव होई आणि घोडदौडीत शस्त्र बाहेर पडत नसे. नागरी वापरातील होल्स्टर मात्र झटकन शस्त्र काढता यावे म्हणून वरून उघडी राहू लागली.

भारतातील ब्रिटिश सैन्यातही होल्स्टरच्या रचनेत महत्त्वाची भर पडली. ब्रिटिश भारतीय सैन्यातील अधिकारी सॅम ब्राउन यांनी १८५८ मध्ये लढाईत डावा हात गमावला. एका हाताने तलवार व पिस्तूल नीट बाळगता यावे यासाठी त्यांनी खांद्यावरून जाणाऱ्या पट्ट्याचा आधार असलेला कमरपट्टा तयार केला. उजव्या बाजूला झडपेच्या होल्स्टरमध्ये पिस्तूल राहील अशी त्याची मांडणी होती. 'सॅम ब्राउन' या नावाने हा पट्टा पुढे जगभरातील सैन्यांत व पोलीस दलांत रूढ झाला. ब्रिटिश सैन्याने १८८७ मध्ये स्वीकारलेले वेब्ली रिव्हॉल्व्हर भारतातही दीर्घकाळ वापरात होते.

## धोक्याचे मूळ: घोडा आणि भरलेले घर

जुन्या सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा पूर्ण उतरलेला असताना त्याचे टोक थेट टोपीवर किंवा काडतुसाच्या मागील भागावर टेकलेले असते. अशा स्थितीत घोड्याच्या पाठीवर जोराचा आघात झाला, तर तो आघात सरळ टोपीपर्यंत पोहोचतो. या प्रकारात चापाचा काहीही संबंध येत नाही. म्हणूनच 'चापावर बोट ठेवू नये' हा सर्वपरिचित नियम पाळूनही हा अपघात टळत नाही.

या धोक्याचे एक प्रसिद्ध उदाहरण जानेवारी १८७६ मधील आहे. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातील विचिटा येथे पोलीस सेवेत असलेले वायट अर्प एका मद्यगृहात खुर्चीवर बसले असताना त्यांचे रिव्हॉल्व्हर होल्स्टरमधून निसटले. टोपीवर टेकलेला घोडा खुर्चीवर आपटला व बार उडाला. गोळी त्यांच्या कोटातून गेली, भिंतीवर आदळली आणि छतातून बाहेर पडली. स्थानिक वृत्तपत्राने ही घटना त्याच आठवड्यात छापली. कोणालाही इजा झाली नसली, तरी या घटनेत दोन दोष एकत्र आले होते. होल्स्टरने शस्त्र धरून ठेवले नाही आणि घोडा भरलेल्या घरावर टेकलेला होता. यांपैकी एक दोष नसता, तरी बार उडाला नसता.

निर्मात्यांना हा धोका ठाऊक होता. कोल्टच्या टोपीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये दोन निपलांच्या मध्ये चक्रीच्या मागील बाजूस बारीक खुंट्या बसवलेल्या असत आणि घोड्याच्या तोंडावरील खाच त्या खुंटीवर टेकवता येई. रेमिंग्टन कंपनीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये याच जागी खोल खाचा कोरलेल्या असत. खुंट्या वापराने झिजतात व घोडा त्यांवरून घसरू शकतो. खाचा तुलनेने भरवशाच्या मानल्या जातात. १८७३ च्या कोल्टमध्ये घोडा किंचित मागे अडकवून ठेवण्यासाठी 'सुरक्षा खाच' होती. परंतु तिचा ओठ नाजूक असल्याने शस्त्र पडल्यास तो तुटू शकतो. त्यामुळे या खाचेवर भरवसा ठेवून शस्त्र बाळगू नये, असा संकेत रूढ झाला.

यांत्रिक उपाय विसाव्या शतकात या धाटणीच्या शस्त्रांत आला. अमेरिकेतील रूगर कंपनीने १९७३ मध्ये आपल्या सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरमध्ये एक सरकती पट्टी बसवली. चाप पूर्ण ओढलेला असेल तरच ही पट्टी वर येते आणि घोड्याचा आघात काडतुसापर्यंत पोहोचवते. एरवी घोडा व काडतूस यांचा संपर्कच होत नाही. १९८२ पासून या कंपनीने आपल्या जुन्या शस्त्रांतही अशी सुधारणा विनामूल्य करून देण्यास सुरुवात केली. मात्र जुन्या नमुन्याबरहुकूम बनवलेल्या अनेक प्रतिकृतींत अशी पट्टी नसते. बाहेरून सारखी दिसणारी दोन रिव्हॉल्व्हर आतून वेगळी असू शकतात. त्यामुळे रेंजवर नियम ठरवताना शस्त्र बिनपट्टीचे आहे असेच गृहीत धरले जाते.

## पाच बारांचा नियम

सहा घरांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये पाचच बार भरावेत आणि घोडा रिकाम्या घरावर उतरवावा, हा या धाटणीच्या शस्त्रांचा सर्वांत महत्त्वाचा नियम आहे. काडतुसाच्या कोल्ट धाटणीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये तो पुढील क्रमाने पाळला जातो.

1. नळीचे तोंड सुरक्षित दिशेला ठेवून घोडा अर्ध्यावर आणला जातो व भरण्याची खिडकी उघडली जाते.
2. सर्व घरे रिकामी असल्याची खात्री केली जाते.
3. एका घरात काडतूस भरून पुढील एक घर रिकामे सोडले जाते.
4. त्यानंतरच्या चार घरांत काडतुसे भरली जातात.
5. खिडकी बंद करून घोडा पूर्ण चढवला जातो व अंगठ्याने धरून सावकाश उतरवला जातो. आता तो रिकाम्या घरावर टेकतो.
6. चक्री व चौकट यांमधील फटीतून पाहून घोड्याखाली काडतूस नाही, याची दुसऱ्या व्यक्तीकडून तपासणी करून घेतली जाते.

क्रम चुकल्यास रिकामे घर भलत्याच जागी येते, म्हणून शेवटची तपासणी वगळली जात नाही. टोपीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये एका घरात दारू-गोळी भरलीच जात नाही आणि घोडा त्याच घरावर उतरवला जातो.

## होल्स्टरचे प्रकार

झडपेचे होल्स्टर शस्त्राची मूठ व घोडा झाकते. शस्त्र निसटण्याचा संभव यात सर्वांत कमी असतो. शस्त्र काढण्यास वेळ लागत असल्याने वेळेवर आधारित स्पर्धांत ते कमी वापरले जाते.

उघडे सरळ होल्स्टर कमरपट्ट्यावर उभे लटकते व नळीचे तोंड जमिनीकडे राहते. घोड्याला अडकवायच्या चामडी फाशामुळे चालताना शस्त्र जागेवर राहते. रेंजवरील वापरासाठी हा प्रकार सर्वाधिक योग्य समजला जातो.

आडवे होल्स्टर विरुद्ध बाजूला, पोटाच्या पुढील भागात असते. त्यातून शस्त्र काढताना नळीचे तोंड शेजारच्या नेमबाजाकडे वळण्याची शक्यता असते. त्यामुळे शस्त्र काढण्यापूर्वी शरीर बाजूला वळवून उभे राहावे लागते.

काखेतील होल्स्टर खांद्यावरील पट्ट्यांना जोडलेले असते. यात नळीचे तोंड मागे किंवा खाली राहते आणि शस्त्र काढताना ते स्वतःच्या हातावरून व मागील माणसांवरून फिरू शकते. म्हणून अनेक रेंजवर ते वर्ज्य असते.

चित्रपटी होल्स्टर मांडीपर्यंत खाली लोंबणारे व दोरीने मांडीला बांधलेले असते. पाश्चात्त्य चित्रपटांमुळे ते लोकप्रिय झाले असले, तरी एकोणिसाव्या शतकातील प्रत्यक्ष वापरातील होल्स्टर बहुधा कमरेवर उंच बांधलेली असत.

कोणत्याही प्रकारात होल्स्टर त्या विशिष्ट नमुन्यासाठी व नळीच्या लांबीसाठी बनवलेले असावे लागते. सैल होल्स्टरमधून शस्त्र निसटते. अतिघट्ट होल्स्टरमधून ते ओढताना झटका बसतो. चापाची कडी पूर्ण झाकलेली असणे आणि होल्स्टरचे तोंड शस्त्र काढल्यावरही उघडे राहील इतके कडक असणे, या दोन कसोट्या सर्वत्र लावल्या जातात. मऊ पडलेल्या चामड्याची कड आत दुमडून चापात अडकू शकते. त्यामुळे झिजलेले होल्स्टर दुरुस्त करण्याऐवजी बदलले जाते.

## रेंजवरील नियम

### सर्वसाधारण नियम

रेंजवर आणलेले प्रत्येक शस्त्र रिकामे असते. ते फक्त नेमून दिलेल्या जागी, अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली भरले जाते आणि बार संपल्यावर दुसऱ्या ठरावीक जागी रिकामे करून तपासले जाते. या दोन जागांच्या बाहेर होल्स्टरमधील शस्त्राला हात लावण्यास मनाई असते. फायरिंग लाइनच्या पुढे कोणी असताना कोणीही शस्त्र हाताळत नाही. डोळ्यांना संरक्षक चष्मा व कानांना रक्षक लावणे आवश्यक असते.

### शस्त्र काढताना व ठेवताना

- होल्स्टरमधून शस्त्र काढताना तर्जनी चापाच्या कडीबाहेर सरळ ठेवली जाते.
- नळीचे तोंड लक्ष्याच्या दिशेला वळल्यावरच घोडा चढवला जातो. होल्स्टरमध्ये किंवा ते बाहेर येत असताना घोडा चढवणे ही सर्वांत गंभीर चूक मानली जाते. अशा वेळी सुटलेली गोळी बहुधा नेमबाजाच्याच मांडीत, पोटरीत किंवा पावलात शिरते.
- दुसरा हात नळीच्या तोंडापुढे कधीही येऊ दिला जात नाही.
- घोडा चढवलेले शस्त्र होल्स्टरमध्ये परत ठेवले जात नाही. घोडा रिकाम्या घरावर किंवा उडालेल्या काडतुसावर उतरवून, होल्स्टरकडे पाहत, शस्त्र सावकाश आत सरकवले जाते. शस्त्र परत ठेवण्याला वेळेचे बंधन नसते, त्यामुळे येथे घाई करण्याचे कारण राहत नाही.

### शस्त्र पडल्यास

निसटणारे शस्त्र हवेत पकडण्याचा प्रयत्न करू नये, असा नियम आहे. झेलताना बोट चापावर जाण्याचा धोका पडण्याच्या धोक्यापेक्षा मोठा असतो. पडलेले शस्त्र नेमबाज स्वतः उचलत नाही. रेंज अधिकारी ते उचलतो, तपासतो व रिकामे करून परत देतो. भरलेले शस्त्र पाडणाऱ्या स्पर्धकाला सामान्यतः संपूर्ण स्पर्धेतून बाद केले जाते.

### टोपीच्या रिव्हॉल्व्हरसाठी विशेष नियम

टोपीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये दारू, गोळी व टोपी हे तीनही घटक वेगवेगळे भरावे लागतात. दारू व गोळी भरलेली, पण टोपी नसलेली चक्री सहजासहजी पेटत नाही. म्हणून टोपी सर्वांत शेवटी, फायरिंग लाइनवर किंवा भरण्याच्या ठरावीक जागी, नळी सुरक्षित दिशेला असतानाच बसवली जाते. टोप्या बसवलेले रिव्हॉल्व्हर घेऊन रेंजवर इतरत्र फिरण्यास परवानगी नसते.

दारू थेट मोठ्या डब्यातून ओतली जात नाही. प्रत्येक बारासाठी मोजलेली दारू छोट्या नळकांड्यांत आधीच भरून आणली जाते. घरात धगधगता कण शिल्लक असल्यास तेवढीच दारू पेटते, हातातील संपूर्ण साठा पेटत नाही. या शस्त्रांत फक्त काळी दारू किंवा तिच्यासाठी तयार केलेले पर्याय वापरतात. आधुनिक धूररहित दारूचा दाब ही चक्री सहन करू शकत नाही. एका घरातील ज्वाला शेजारच्या घरात जाऊन एकाच वेळी अनेक बार उडण्याचा धोका असतो. तो टाळण्यासाठी गोळी घरात घट्ट बसणारी घेतात, गोळीवर चरबीचा थर देतात किंवा तिच्याखाली चकती ठेवतात आणि टोप्या निपलावर पक्क्या बसतील अशाच निवडतात.

टोपी फुटूनही बार उडाला नाही, तर शस्त्र होल्स्टरमध्ये ठेवले जात नाही. बार उशिराने उडण्याची शक्यता असल्याने नळी लक्ष्याकडे धरून किमान अर्धा मिनिट थांबले जाते व नंतर अधिकाऱ्याला बोलावले जाते.

## विविध स्पर्धाप्रकारांतील तरतुदी

| संस्था वा प्रकार | होल्स्टरचा वापर | ठळक तरतूद |
|---|---|---|
| आंतरराष्ट्रीय नेमबाजी क्रीडा महासंघाचे पिस्तूल प्रकार | स्पर्धेचा भाग नाही | शस्त्र मेजावर; वापरात नसताना नळीत सुरक्षा ध्वज |
| ठासणीच्या शस्त्रांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा | स्पर्धेचा भाग नाही | मोजून आणलेली दारू. टोपी फायरिंग लाइनवर |
| सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी | आवश्यक | पाच बार. होल्स्टरचा कल उभ्या रेषेपासून ३० अंशांहून अधिक नको |
| आंतरराष्ट्रीय प्रॅक्टिकल नेमबाजी महासंघ | आवश्यक | काखेतील व मांडीला बांधलेली होल्स्टर वर्ज्य |

अमेरिकेतील सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटीची स्थापना १९८७ मध्ये झाली. एकोणिसाव्या शतकातील धाटणीची शस्त्रे व वेशभूषा हे तिच्या स्पर्धांचे वैशिष्ट्य आहे. नळीचे तोंड लक्ष्याच्या दिशेने १७० अंशांच्या पट्ट्यातच राहिले पाहिजे, हा तिचा नियम आडव्या होल्स्टरच्या बाबतीत कसोटीचा ठरतो.

१९७६ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय प्रॅक्टिकल नेमबाजी महासंघाचे पहिले अध्यक्ष जेफ कूपर हे होते. प्रत्येक शस्त्र भरलेले आहे असे समजावे; जे नष्ट करायचे नाही त्यावर नळी रोखू नये; नेम धरेपर्यंत बोट चापावर नेऊ नये; आणि लक्ष्य व त्यामागे काय आहे ते ओळखावे, हे त्यांनी रूढ केलेले चार नियम आज बहुतेक रेंजवर लावलेले असतात. या महासंघाच्या नियमांनुसार सहज उभे असताना होल्स्टरमधील शस्त्राची नळी स्पर्धकाच्या पावलांपासून १ मीटरच्या आतील जागेकडे असावी लागते.

## भारतातील स्थिती

### कायदा

भारतात शस्त्रांचे नियमन शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांनुसार होते. अधिनियमाच्या कलम ४५ नुसार, कालबाह्य नमुन्याचे किंवा पुरातन मूल्याचे शस्त्र दुरुस्ती करूनही बंदूक म्हणून वापरता येण्याजोगे नसेल, तरच त्याला या कायद्यातून सूट मिळते. त्यामुळे बार उडवू शकणारे टोपीचे रिव्हॉल्व्हर कितीही जुने असले किंवा हल्लीच बनवलेली प्रतिकृती असली, तरी परवान्याशिवाय बाळगता येत नाही.

सार्वजनिक ठिकाणी हातशस्त्र नेताना ते अंगावरील होल्स्टरमध्ये किंवा तत्सम आवरणात, पूर्णपणे झाकलेले आणि बाळगणाऱ्याच्या नियंत्रणात असावे, अशी तरतूद २०१६ च्या नियमांत आहे. २०१९ च्या दुरुस्तीने निष्काळजीपणाने किंवा आनंदोत्सवात गोळीबार करून इतरांची सुरक्षितता धोक्यात आणणे हा स्वतंत्र गुन्हा ठरवला. त्यासाठी २ वर्षांपर्यंत कारावास, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

### क्रीडा नेमबाजी

भारतीय राष्ट्रीय रायफल संघटनेची स्थापना १९५१ मध्ये झाली. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर हे तिचे संस्थापक व पहिले अध्यक्ष होते. त्यांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील मावळंगे येथील होते व त्यांचे काही शिक्षण राजापूर येथे झाले. त्यांच्या नावाने अखिल भारतीय नेमबाजी स्पर्धा भरवली जाते.

महाराष्ट्रात पुण्याजवळील बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात नेमबाजी केंद्र असून २००८ च्या राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धांतील नेमबाजी तेथे झाली. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले. या प्रकाराच्या जलद टप्प्यात नेमबाज भरलेले पिस्तूल हातात धरून, हात उभ्या रेषेपासून जास्तीत जास्त ४५ अंशांवर खाली ठेवून थांबतो आणि लक्ष्य दिसताच हात उचलतो. होल्स्टरमधून शस्त्र काढण्याच्या जागी येथे ही 'सज्ज' अवस्था असते. नळी सतत पुढील जमिनीकडे राहत असल्याने ती कोणत्याही व्यक्तीवरून, नेमबाजाच्या स्वतःच्या पायावरूनही, फिरत नाही.

## कोकणातील ठासणीची बंदूक आणि समान तत्त्व

टोपीवर चालणारी शस्त्रे जगात बहुतांशी छंद व क्रीडेपुरती उरली असली, तरी कोकणात ती अजून शेतीच्या कामाची आहेत. शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये प्रामाणिक पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची स्वतंत्र तरतूद आहे. पूर्णगड, पावस व आसपासच्या आंबा-काजूच्या बागायती पट्ट्यात वानर, माकडे व रानडुकरे यांचा उपद्रव होतो. रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत शेतीसंरक्षणाचे असे परवाने दिले गेले आहेत. हा परवाना शिकारीचा परवाना नसतो. वन्य प्राण्यांच्या बाबतीत वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू राहतो. निवडणुकीच्या काळात परवानाधारकांना बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्यास सांगितले जाते.

ठासणीच्या बंदुकीत नळीच्या तोंडातून दारू, बोळा व छर्रे गजाने ठासतात आणि मागील निपलावर टोपी बसवतात. घोडा उतरलेला असताना तो टोपीवरच टेकतो, म्हणजेच जुन्या रिव्हॉल्व्हरमधील धोका येथे जसाच्या तसा असतो. या बंदुकीला रिकामे सोडता येईल असे दुसरे घर नसते. त्यामुळे पाच बारांचा नियम तिला लागू करता येत नाही आणि टोपी शेवटी लावण्याचा नियम हाच मुख्य उपाय उरतो. टोपी लावलेली बंदूक खांद्यावर घेऊन गडगा ओलांडणे, झाडीतून वाट काढणे किंवा ती भिंतीला टेकवून ठेवणे ही अपघाताची संभाव्य कारणे आहेत. फांदीत अडकलेला घोडा किंचित मागे जाऊन सुटला, तरी टोपी फुटू शकते. टोपी काढून ठेवलेल्या बंदुकीत हा धोका जवळजवळ नाहीसा होतो. परंतु आत बार भरलेला राहत असल्याने तिला रिकामी समजता येत नाही. घरी परतल्यावर भरलेला बार काढूनच बंदूक कुलपात ठेवणे आवश्यक असते.

हे तत्त्व टोपीपेक्षाही जुने आहे. मुचकुंदी नदीच्या मुखावरील पूर्णगडासारख्या सागरी किल्ल्यांच्या काळातील तोफाही तोंडाकडून भरल्या जात. दारू व गोळा ठासल्यानंतर काना, म्हणजे मागील छिद्र, रंजकाने भरत आणि सर्वांत शेवटी बत्ती देत. ठासण्याचे काम चालू असताना पेटती बत्ती तोफेपासून दूर ठेवली जाई. पेटवणारा घटक व पेटणारा घटक शेवटच्या क्षणापर्यंत एकमेकांपासून दूर ठेवणे, हाच तोफेपासून रिव्हॉल्व्हरपर्यंतच्या सुरक्षेचा आधार राहिला आहे.

## देखभाल

काळ्या दारूचा जळका थर हवेतील ओलावा शोषून घेतो व पोलाद झपाट्याने गंजते. रत्नागिरीसारख्या किनारी भागात वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि हवा खारट असते. अशा हवामानात शस्त्र वापराच्याच दिवशी गरम पाण्याने धुऊन, कोरडे करून त्याला तेल लावणे आवश्यक ठरते. चामडे ओलावा धरून ठेवते आणि ते कमावताना वापरलेली द्रव्ये धातूवर परिणाम करतात. त्यामुळे होल्स्टर हे शस्त्र बाळगण्याचे साधन असले, तरी ते साठवण्याचे साधन नाही. शस्त्र रिकामे करून होल्स्टरबाहेर, कुलूपबंद व कोरड्या जागी ठेवतात आणि दारू व टोप्या त्यापासून आणि एकमेकांपासून वेगळ्या ठेवतात.

नियतकालिक तपासणीत घोड्याच्या खाचा, चक्रीची पकड, निपलांची झीज, होल्स्टरची शिवण, पट्ट्याची कडी व घोड्याचा फास यांची पाहणी केली जाते. गंजलेला वा झिजलेला घोडा पूर्ण चढवल्यावर आपोआप सुटत असेल, तर ते शस्त्र जाणकार कारागिराने दुरुस्त करेपर्यंत रेंजवर वापरता येत नाही.